डांबराखालची रेषा

द्राहेनोवच्या नगरभवनात गेली दोन वर्षे एक चित्र उलटे टांगलेले होते. ते चुकून उलटे टांगले गेले नव्हते. नगरमंडळाने रीतसर ठराव मांडून, तीनविरुद्ध बारा मतांनी, ते उलटे केले होते, आणि ठरावाच्या तळाशी खुद्द चित्रकाराची सही होती.

चित्रकाराचे नाव हिनेक झेलिंका. वय अठ्ठावन्न. चित्र त्याने सव्विसाव्या वर्षी काढले होते, १८७९ साली. दोन माणसे लांब आणि एक माणूस उंच अशा त्या कॅनव्हासवर धर्मयुद्धात हरलेले द्राहेनोवकर बर्फातून गाव सोडून चालले होते. पुढे धर्मोपदेशक, मागे घोडे आणि हातगाड्या, आणि बरोबर मध्यभागी कडेवर गाठोडे घेतलेली एक तरुण स्त्री, जी एकटीच मान वळवून मागे पाहत होती. ती स्त्री म्हणजे हिनेकची बायको अपोलेना. चित्र पूर्ण झाल्यावर पुढच्याच वर्षी ती बाळंतपणात गेली. मुलगी जगली. तिचे नाव रोझाली.

चित्र अठ्ठावीस वर्षे बऱ्या अवस्थेत होते. म्हणजे ते हळूहळू काळवंडत होते, पण सगळीच जुनी चित्रे काळवंडतात असे लोक समजत असल्यामुळे कोणी तक्रार केली नव्हती. मग मंडळाने सभागृहातली चिनीमातीच्या फरश्यांनी मढवलेली उंच शेगडी कोपऱ्यातून हलवून नेमकी चित्राच्या भिंतीलगत आणली, कारण सभासदांचे पाय गारठत. पहिल्या हिवाळ्यात चित्राला घाम सुटल्यासारखी चकाकी आली. दुसऱ्या हिवाळ्यात रंगाला मगरीच्या पाठीसारख्या भेगा पडल्या, भेगांमधून तपकिरी चीक वर आला, आणि अपोलेनाचा डावा डोळा एक बोटभर खाली सरकला.

कारण साधे होते. छाया गहिरी यावी म्हणून हिनेकने रंगाच्या खाली डांबराचा थर दिला होता. खनिज डांबर तेलात उकळून केलेला हा तपकिरी थर ओला असताना मधासारखा दिसतो. त्यातून अंधारालाही खोली येते. त्याचा दोष एकच. तो कधीही वाळत नाही. वरचा रंग वाळतो, आकसतो, आणि खालच्या न वाळलेल्या थरावरून, उतारावरच्या बर्फासारखा, संधी मिळताच घसरतो.

असे चित्र घसरू लागले तर ते उलटे टांगावे, म्हणजे खाली आलेला रंग परत आपल्या जागी जातो, हा उपाय हिनेकला त्याच्या गुरूंकडून मिळाला होता. उपायामागच्या गुरुत्वाकर्षणात काही खोट नव्हती. खोट इतकीच होती की आपण कुठून निघालो हे डांबराला आठवत नाही. दोन वर्षांत डोळा परत वर गेला खरा, पण कपाळाच्या बाजूने न जाता कानाच्या बाजूने गेला. नगराध्यक्ष काहौन, ज्याचा माल्टचा कारखाना होता आणि ज्याला गावातल्या प्रत्येक गोष्टीवर एकदा तरी बोलायचे असे, तो बिअरच्या टेबलावर म्हणाला होता, "आपलं नशीब पाहा. आधी आपले पूर्वज गाव सोडून चालले होते. आता आभाळातून डोक्यावर पडतायत." हिनेकही त्यावर हसला होता. त्याच्यापुढे दुसरा पर्याय नव्हता.

पण त्याच्या दृष्टीने ते चित्र पूर्वजांचे नव्हतेच. अपोलेनाचे दुसरे कोणतेही चित्र या जगात उरले नव्हते. तिच्या चेहऱ्याचे सगळे अभ्यासकागद त्याने रिवाजाप्रमाणे गुरूंकडे मंजुरीसाठी पाठवले होते. गुरू वारल्यावर त्यांच्या पुतणीने ते घराच्या इतर कागदांबरोबर रद्दीत काढले. आणि फोटो नव्हता. चित्र काढले त्या उन्हाळ्यात एक फोटोवाला गावात आठवडाभर तंबू ठोकून होता. अपोलेनाने दोनदा विषय काढला. हिनेकने सांगितले की ज्या घरात चित्रकार राहतो त्या घरात पेटीने काढलेला चेहरा ठेवणे म्हणजे सुताराने दुसऱ्याची खुर्ची विकत आणण्यासारखे आहे. हे वाक्यही गुरूंचेच होते.

तेव्हा गुरूंविषयी सांगायला हवे.

प्राध्यापक क्नोब्लोख प्रागमध्ये नदीच्या डाव्या तीरावर एक खासगी चित्रशाळा चालवत. खोगीर शिवणाऱ्या बापाने सतराव्या वर्षी हिनेकला तिथे नेऊन सोडले. पहिले वर्ष रंगाला हात लावायचा नाही. प्लास्टरचा एक कान तीन महिने, नाक दोन महिने, आणि उरलेले वर्ष एकाच प्लास्टरच्या मुंडक्याची चित्रे, कधी उजवीकडून, कधी डावीकडून, कधी खालून. ते मुंडके कोणा रोमन देवीचे होते असे म्हणत. नाकाचा शेंडा उडालेला होता, तोही तसाच काढावा लागे. क्नोब्लोख पाठीमागे येऊन उभे राहत, काही वेळ पाहत आणि म्हणत, "पुन्हा." पाच वर्षांत हिनेकने त्यांच्या तोंडून हा शब्द इतक्या वेळा ऐकला की पुढे आयुष्यभर, कोणतेही काम संपवताना, तो त्याच्या मानेवर पडल्यासारखा होई.

शाळेचे नियम पक्के होते. कपडे, हात, दगड, चामडे, लाकूड यांची रेषा कोळशाने काढून वर शाईने पक्की करायची. चेहऱ्याचे मात्र तसे नाही. चेहरा कोळशाने काढायचा आणि डांबराचा थर देण्याआधी हंसाच्या पंखाने झाडून टाकायचा, इतका की कॅनव्हासवर आरशावरच्या श्वासाएवढी खूण राहील. खाली रेषा राहिली तर चेहरा रेषेच्या तुरुंगात मरतो, असे क्नोब्लोख म्हणत. म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याच्या पेटीत कोळशाच्या डबीशेजारी एक पांढरा पंख असे, बायका स्वयंपाकघरात पावाला लोणी लावायला ठेवतात तसाच. पेल्त्स नावाच्या एका पोराने दोनदा रेषा न झाडता तशीच ठेवली. तिसऱ्या वेळी क्नोब्लोखनी त्याची पेटी उचलून जिन्यात ठेवली. पेल्त्स पुढे म्युनिकला गेला आणि त्याचे बरे चालले आहे असे कानावर येई. हिनेकला शाळा सोडताना प्रमाणपत्र मिळाले. त्यात त्याच्या हाताविषयी किंवा डोळ्याविषयी एक अक्षर नव्हते. लिहिले होते: सर्वांत आज्ञाधारक.

या प्रमाणपत्राला उत्तर म्हणून हिनेकजवळ एक गोष्ट होती. ती तो तीस वर्षे सांगत आला होता, बिअरच्या टेबलावर क्वचित आणि घरी वारंवार. ती अशी: अपोलेनाचा चेहरा कॅनव्हासवर कोळशाने एका बैठकीत उतरला. सकाळी दहाला ती खिडकीपाशी बसली आणि दुपारच्या घंटेला चेहरा पूर्ण झाला होता, असा की तो स्वतःच दचकला. मग त्याने पंख हातात घेतला. आणि झाडवेना. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचे त्याने गुरूंची आज्ञा मोडली, पातळ दुधाचा फवारा मारून रेषा पक्की केली आणि मगच डांबराचा थर दिला. "तुझ्या आईसाठी," तो रोझालीला सांगे, "एकदा बंड केलं मी."

रोझाली या गोष्टीवर वाढली. ती आता एकतीस वर्षांची होती, मुलींच्या शाळेत शिवणकाम शिकवत होती, लग्न केलेले नव्हते. दर नऊ फेब्रुवारीला, म्हणजे पंचांगात अपोलेना या नावाचा जो दिवस असतो त्या दिवशी, ती शाळा सुटल्यावर नगरभवनात जाई आणि चित्राखाली थोडा वेळ उभी राही. इतर लोक आईच्या नामदिवशी फुले आणि खसखशीची पोळी घेऊन आईकडे जातात; तिला जायला ही एकच जागा होती. चित्र उलटे झाल्यावरही ती जात राहिली. पहिल्या वर्षी तिने मान वाकडी करून पाहिले. दुसऱ्या वर्षी तिने शिवणाच्या पेटीतला छोटा आरसा नेला.

यंदाच्या एप्रिलमध्ये काहौनने हिनेकला बोलावून सांगितले की सप्टेंबरमध्ये नगरभवनाला पन्नास वर्षे होतात, जिल्ह्याहून पाहुणे येणार, आणि भिंतीवर उलटी माणसे चालणार नाहीत. चित्र सरळ करून दुरुस्त करावे, नाहीतर माळ्यावर जाईल. तो हे रागाने म्हणाला नाही. "मास्तर," तो म्हणाला, "मला त्यातलं काही कळत नाही. पण माझ्या बायकोला कळतं, आणि तिला तिथे बसून जेवण उतरत नाही."

हिनेकने चित्र उतरवून घेतले आणि सभागृहातली चार टेबले जोडून त्यांवर आडवे ठेवले. त्या अवस्थेत त्याने ते प्रथमच जवळून पाहिले. अपोलेनाच्या चेहऱ्याचा उजवा अर्धा भाग, म्हणजे एक डोळा, गाल आणि ओठांचा कोपरा, अजून जागेवर होता. डावा अर्धा भाग भेगांची आणि ओघळांची गिचमीड झाली होती. त्याने बोटाने गाल हलकेच दाबला. रंग दबला आणि बोट काढल्यावर सावकाश वर आला, जिवंत कातडीसारखा. हिनेकने हात मागे घेतला.

त्याच दिवशी तो औषधांच्या दुकानात गेला. दुकानदार द्राबेक प्रागच्या विद्यापीठात रसायनशास्त्र शिकला होता. गावात असा तो एकटाच. तो कशावरही पटकन विश्वास ठेवत नसे, स्वतःच्या दुकानातल्या निम्म्या औषधांवरही नाही. खोकल्याचे औषध मागणाऱ्याला तो कधीकधी विचारी की खोकला किती दिवसांत जावा अशी अपेक्षा आहे, आणि उत्तर आठवडा असे आले तर औषध न देता घरी पाठवी. त्याने चित्र येऊन पाहिले, भिंगातून पाहिले, काठावर टर्पेंटाइनचा बोळा फिरवून त्याचा रंग पाहिला आणि सांगितले की हे थांबवता येणार नाही. शेगडी काढली तरी नाही. उरलेला अर्धा चेहरा पाच वर्षे टिकेल, फार तर दहा.

मग हिनेकने त्याला दुधाने पक्क्या केलेल्या रेषेची गोष्ट सांगितली. वरचे सगळे काढले तर? टर्पेंटाइनने डांबर विरघळते, दुधाने धरलेला कोळसा विरघळत नाही. खाली चेहरा आहे. पूर्ण.

द्राबेक बराच वेळ भिंग पुसत राहिला. विचार करण्यासारखे आहे, तो म्हणाला. मात्र आधी चाचणी घेऊ.

पहिली चाचणी त्यांनी अपोलेनाच्या गाठोड्यावरच्या हातावर घेतली. नखाएवढ्या जागेवर कोमट टर्पेंटाइन, हाडाची पट्टी, कापसाचा बोळा. वरचा रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुतून निघाला, खालचे डांबर कापसात उतरले, आणि फिकट गुलाबी अस्तरावर करंगळीची रेषा दिसली, काल काढल्यासारखी. दुसरी चाचणी डोक्यावरच्या रुमालाच्या कडेला. तिथेही रेषा. हिनेक खुर्चीवर बसला. द्राबेक मात्र भिंग डोळ्यांवरून काढीना.

"दोन्ही शाईच्या आहेत," तो म्हणाला.

"असणारच. हात आणि कापड शाईनेच करायचं असतं."

"तेच म्हणतोय मी. हातावरून हाताचं कळलं, रुमालावरून रुमालाचं. चेहऱ्याचं काहीच कळलं नाही. तुम्ही म्हणता ती रेषा कोळशाची आहे. कानाखाली एक नखभर जागा द्या मला. दहा मिनिटांचं काम."

हिनेकने नकार दिला. त्याने कारण असे दिले की आधीच निम्मा उरलेला चेहरा आणखी कुरतडणे त्याला सहन होणार नाही. काढायचे तर एका हाताने, एका दिवसात, हनुवटीपासून कपाळापर्यंत सगळे. द्राबेकने त्याला दाखवून दिले की या कारणात तर्क नाही, कारण सगळे काढण्यात नखभर काढणे आलेच. हिनेक म्हणाला की तर्क नसेल.

"मास्तर, ज्याला खात्री असते तो चाचणीला नाही म्हणत नाही."

"मला चाचणी कशाला हवी? मी तिथे होतो."

"तिथे होता तो सव्वीस वर्षांचा होता," द्राबेक म्हणाला. "त्याला विचारता आलं असतं तर मीही चाचणी मागितली नसती." त्याने भिंग खिशात टाकले आणि पुढे शांतपणे सांगितले की टर्पेंटाइन तो हवे तितके देईल, पण सल्ला म्हणून विचाराल तर चित्र घरी न्यावे, अंधाऱ्या गार खोलीत आडवे ठेवावे, आणि अर्धा चेहरा जितकी वर्षे टिकेल तितकी वर्षे पाहावा. हिनेकने आभार मानले आणि टर्पेंटाइन नेले.

रोझालीलाही त्याने त्या संध्याकाळी सांगितले. ती गव्हाच्या पिठाच्या उकडलेल्या गोळ्यांचे काप दोऱ्याने पाडत होती. उकडलेला गोळा सुरीने कापला तर चिकटतो म्हणून. तिने दोरा हातातच ठेवला. द्राबेकचे म्हणणे तिने पूर्ण ऐकून घेतले आणि मग विचारले की अर्धा आहे तो तरी राहू द्यायला काय हरकत आहे. एक डोळा आहे, ओठांचा कोपरा आहे. तिला त्याची सवय झाली होती.

"अगं, खाली सगळा आहे."

"तुम्ही पुसला नव्हता ना, बाबा? नक्की?"

"तीस वर्षं सांगतोय तुला."

"म्हणूनच विचारते."

तो चिडला. तो तिच्यावर क्वचित चिडे. ती औषधवाल्याच्या तोंडून बोलते आहे असे तो म्हणाला. त्या माणसाला बरणीवर चिठ्ठी नसली तर आतली साखरसुद्धा खरी वाटत नाही, पण निदान तिने तरी. तिने गोळे ताटात मांडले, वर कोबी घातली आणि ताट त्याच्यापुढे ठेवले. जेवण निम्मे झाल्यावर ती म्हणाली की ठीक आहे, काढा. मात्र तो दिवस आधी सांगा. दुपारी शाळा सुटली की ती येईल. तिला तो चेहरा पहिल्यांदा दोघांनी मिळून पाहायचा होता. हिनेकने मान डोलावली. तिने होकार द्राबेकच्या म्हणण्याविरुद्ध दिला होता आणि फक्त त्याच्या गोष्टीच्या भरवशावर, हे त्याला कळले. त्या वेळी त्याला त्याचा आनंद झाला.

मे महिन्यातल्या एका गुरुवारी सकाळी आठ वाजता त्याने सभागृहाचे दार आतून लावून घेतले. खिडक्या उघडल्या. टर्पेंटाइनची बाटली गरम पाण्याच्या भांड्यात ठेवली. कापूस, पट्ट्या, जुने तागाचे कापड, भिंग. चाळीस वर्षांपूर्वीची पेटीही त्याने शेजारी मांडली, गरज नव्हती तरी.

त्याने हनुवटीपासून सुरुवात केली. रंग अपेक्षेपेक्षा सहज निघत होता. त्याला सराव नव्हता, पण घाईही नव्हती. बोळा ठेवायचा, शंभर मोजायचे, पट्टी सरकवायची. हनुवटी निघाली आणि पट्टीवर गोळा झाली. ओठांचा उरलेला कोपरा कापसाला चिकटून आला आणि क्षणभर, कापसावर, तो अजून हसरा होता. हिनेकने बोळा भांड्यात टाकला. खालचे डांबर काळा चहा सांडावा तसे पसरले. ते त्याने टिपले, पुन्हा टिपले. अस्तर वर आले. फिकट गुलाबी, स्वच्छ.

स्वच्छ म्हणजे कोरे.

त्याने स्वतःला सांगितले की हनुवटीला त्याने रेषा हलकी ठेवली असणार. तिची हनुवटी मऊ होती. तो गालावर गेला. गाल निघाला. मग नाक. तिथे पोचल्यावर, अजून डोळा आणि कपाळ शिल्लक असताना, थांबणे शक्य होते. अर्धा नाही तरी पाव चेहरा वाचला असता. पण आता थांबणे म्हणजे खाली काही नाही हे मान्य करणे होते, आणि डोळ्याखाली रेषा सापडण्याची शक्यता, तो डोळा जोवर काढला नव्हता तोवर, शून्य झालेली नव्हती. दहाच्या सुमारास त्याने डोळ्यावर बोळा ठेवला. शंभर मोजले.

साडेदहाला चेहऱ्याच्या जागी तळहाताएवढी गुलाबी जागा होती. भोवती रुमालाची शाईची रेषा नीट, खणखणीत. त्याने भिंग घेतले आणि खिडकीचा उजेड तिरका येईल असे वाकून पाहिले. जागा पूर्ण कोरी नव्हती. तिच्यावर धुरकट करडी छटा होती, श्वासाएवढी, आणि त्या छटेत पंख्याच्या आकाराचे बारीक ओरखडे, एकामागून एक, कपाळाकडून हनुवटीकडे उतरणारे. कानाच्या जागी अस्तरात रुतून बसलेला एक पांढरा तंतू होता, पापणीच्या केसाएवढा. हंसाच्या पंखाचा.

दुधाचा मागमूस नव्हता. दुधाचा थर भिंगाखाली चकाकतो. त्याने अनेकदा पाहिला होता.

तो बसला. दुधाच्या फवाऱ्याची चव त्याला आठवत होती, नळीतून फुंकताना ओठाला लागलेली. खिडकीचा उजेड आठवत होता. हातात पंख घेऊन थांबलेला हात आठवत होता. पंख खाली ठेवल्याचे आठवते का, असे त्याने स्वतःला प्रथमच विचारले, आणि शोधल्यावर त्या जागी त्याला फक्त स्वतःचा आवाज सापडला, गोष्ट सांगणारा. हात थांबला असेल. मग मानेवर तो शब्द पडला असेल आणि हात चालला असेल. त्यानंतर केव्हातरी, कदाचित ती गेल्यावरच्या हिवाळ्यात, त्याने गोष्टीत तो हात खाली नेला असेल. आता ते ठरवायला पुरावा नव्हता. चेहरा तेव्हाच झाडला गेला होता याचा पुरावा मात्र समोर होता.

अकरा वाजले. रोझाली बाराला येणार होती.

तासाभरात एक चेहरा काढणे त्याला अवघड नव्हते. गावोगावच्या मेलेल्या माणसांचे चेहरे त्याने फोटोंवरून काढले होते, त्यावरच घर चालले होते. पेटीत कोळसा होता, अस्तर कोरडे होते, आणि खाली चेहरा होता असे म्हणणारा जगात एकच साक्षीदार होता. रोझालीने आईला कधी पाहिलेच नव्हते. तिला फरक कळला नसता. त्याने कोळशाची कांडी उचलली आणि रुमालाच्या रेषेच्या आत, न थांबता, चेहरा काढला. भुवईपासून नाक, नाकावरून ओठ, गालाचा उतार, पापणी. हात असा चालला की त्याला वाटले, तो चेहरा डोक्यात नसला तरी मनगटात राहिला आहे. वीस मिनिटांत काम झाले. तो दोन पावले मागे सरला.

टेबलावरून त्याच्याकडे प्लास्टरची रोमन देवी पाहत होती. उजवीकडून, किंचित खालून. नाकाचा शेंडा त्याने न कळत उडवलेला होता.

त्याने डोळे मिटून अपोलेनाला आठवले. रुमाल आला. गाठोड्यावरचा हात आला, करंगळी वाकलेली. बोलण्याची ढब आली, फोटोवाल्याचा विषय काढतानाची. चेहरा आला नाही. गेली कितीतरी वर्षे तो आठवण म्हणून जे पाहत होता ते हे चित्रच होते, आणि ते आता भांड्यातल्या कापसात होते.

त्याने पेटीतून पंख काढला. जुना, पिवळा पडलेला. कपाळाकडून हनुवटीकडे, मनगट सैल ठेवून, जसे शिकवले होते तसे त्याने देवीला झाडून टाकले. मग सवयीने वाकून भिंगातून पाहिले. नवे ओरखडे जुन्या ओरखड्यांवर रेघभरही न चुकता बसले होते.

बाराची घंटा वाजली आणि थोड्याच वेळात दारावर टकटक झाली. रोझालीने रविवारचा झगा घातला होता आणि हातात पोळीची टोपली होती. नऊ फेब्रुवारी नसताना. तिने टोपली खुर्चीवर ठेवली, टेबलापाशी आली आणि पाहिले. ती शिवणकाम शिकवणारी बाई होती. कापडावर काय आहे आणि काय नाही हे तिला लवकर दिसे.

"पुसलंय," ती म्हणाली.

"हो."

"आत्ता?"

खोटे बोलण्याची ही शेवटची जागा होती. आत्ता, चुकून, टर्पेंटाइन जास्त झाले, असे म्हटले असते तर निदान गोष्ट वाचली असती. ती त्याला अडाणी म्हणाली असती, आज्ञाधारक नाही.

"नाही," हिनेक म्हणाला. "तेव्हाच."

तिने हातमोजा काढून बोट त्या जागेवरून फिरवले, कपाळाकडून हनुवटीकडे, आणि बोटाला लागलेली करडी पूड पाहिली. मग विचारले की तो घरी जेवायला येणार आहे की इथेच काही आणून देऊ. त्याने सांगितले की भूक नाही. पोळीची टोपली ती परत घेऊन गेली, की तिथे विसरली, हे त्याच्या लक्षात आले नाही. दुसऱ्या दिवशी टोपली काहौनच्या टेबलावर रिकामी सापडली.

सप्टेंबरपर्यंत चित्र लावायचे होतेच. अर्धवट जागा तशी ठेवता येत नव्हती, आणि चेहरा काढायला हिनेकचा हात तयार नव्हता. म्हणून त्याने त्या स्त्रीची मान फिरवली. रुमाल मागून दाखवला, गाठ आणि खाली सुटलेली एक बट. आता तीही इतरांसारखी गावाकडे पाठ करून चालली होती. जिल्ह्याच्या पाहुण्यांना चित्र आवडले. काहौन म्हणाला की हे झाले ते बरेच झाले. इतकी वर्षे त्या बाईला जायचे की नाही तेच ठरवता येत नव्हते.

त्या हिवाळ्यात नऊ फेब्रुवारी शुक्रवारी आली. रोझाली शाळा सुटल्यावर सरळ घरी गेली आणि मुलींच्या वह्या तपासत बसली. हिनेक त्या दिवशी नगरभवनात गेला. शेगडी पेटलेली होती. चित्राच्या कडेकडेने, हातगाड्यांवर आणि धर्मोपदेशकाच्या डगल्यावर, नवी चकाकी आलेली दिसत होती आणि एका घोड्याचे तोंड लांबू लागले होते. द्राबेक काही कागद द्यायला तिथे आला होता. तो शेजारी येऊन उभा राहिला आणि सवयीने भिंग काढून त्याने रुमालाचा भाग तपासला. तिथे डांबर नव्हते, नुसता शुद्ध रंग, पातळ थरांत, प्रत्येक थर वाळू दिलेला. नखाने टोकरले तरी ओरखडा उठत नव्हता.

"हे उत्तम आहे, मास्तर," द्राबेक म्हणाला. तो असे शब्द सहसा वापरत नसे. "बाकी सगळं उतरेल. एवढं दोनशे वर्षं हलणार नाही."

हिनेकने त्या पाठमोऱ्या डोक्याकडे पाहिले आणि मान डोलावली.